शुभेच्छापत्रे, हस्तनिर्मित

शुभप्रसंगी आप्तेष्टांना व स्नेह्यांना पाठविण्यासाठी हाताने तयार केलेली सचित्र पत्रे. जाड कागदाची एक घडी, तिच्या दर्शनी भागावर ठशाने उमटविलेली आकृती, त्या आकृतीत भरलेले जलरंग आणि आतील बाजूस स्वहस्ते लिहिलेला मजकूर, असे त्यांचे सर्वसामान्य स्वरूप असते. छापील शुभेच्छापत्राची ही गरीब, हौशी नक्कल आहे, असा समज रूढ आहे. इतिहास मात्र उलट आहे. ठशाने बाह्यरेषा उमटवून तीत हाताने रंग भरणे ही रीत आधीची असून बहुरंगी छपाई साध्य झाल्यानंतर ती मागे पडली. महाराष्ट्रापुरते बोलायचे, तर ठसा उमटवून शुभ चिंतण्याची प्रथा कागदाच्याही आधीची असावी, असे तिच्या घरगुती रूपांवरून दिसते.

मराठी समाजात शुभेच्छा प्रायः वस्तुरूपाने दिली जात असे. संक्रांतीला तिळगूळ, दसऱ्याला सोने म्हणून आपट्याची पाने, लग्नाच्या आमंत्रणाबरोबर अक्षता, असा हा व्यवहार होता व आहे. यांतील प्रत्येक वस्तू हातातून हातात जावी लागते. पत्र आले, तेव्हा या वस्तूही पत्राला चिकटल्या. लग्नपत्रिकेच्या कोपऱ्यांना ओले हळदकुंकू बोटाने लावल्याखेरीज ती घराबाहेर पडत नाही. छापखान्यातून पाचशे पत्रिका आल्या, तरी पाचशेंना बोट लावलेच जाते. याउलट मृत्यूची वार्ता कळविणाऱ्या पत्राचा कोपरा फाडण्याची चाल होती. त्यामुळे पोस्टमनच्या हातातील कार्ड वाचण्यापूर्वीच घरातल्यांच्या काळजात चर्र होई. पत्राचा मजकूर काय आहे, हे कागदावरच्या खुणेने आधी सांगावे, ही कल्पना येथे पूर्ण विकसित झालेली आढळते. शुभेच्छापत्रावरील चित्राचे कार्यही याहून निराळे नाही.

ठशाची घरगुती रूपे अनेक आहेत. गौरी आणताना उंबऱ्यापासून देव्हाऱ्यापर्यंत जी पावले उमटवितात, ती बहुतेक घरी ठशानेच काढली जातात. तांदळाच्या पिठाच्या पातळ कालवणात मुठीची करंगळीकडील बाजू बुडवून ती जमिनीवर टेकविली की पाऊल तयार होते आणि वर बोटाच्या टोकाने पाच ठिपके दिले की बोटे होतात. मंगलकार्यात भिंतीवर वा दाराशी हळदीच्या किंवा कुंकवाच्या हातांचे थापे उमटविण्याची रीत सर्वत्र आढळते. रांगोळीचे छिद्रांकित छाप बाजारात मिळू लागले, ते पुष्कळ नंतर.

कागदावरील ठशाला राजव्यवहारात वेगळेच महत्त्व होते. शिवकालीन पत्रांत आरंभी मुद्रा आणि अखेरीस मोर्तब उमटवीत. मोर्तबानंतर पत्रात कोणी एक अक्षर वाढवू नये, हा तिचा हेतू. महाड तालुक्यातील रायगडावरून निघालेल्या आज्ञापत्रांना या दोन ठशांवाचून किंमत नव्हती. ‘शिक्कामोर्तब’ हा शब्द मराठीच्या रोजच्या बोलण्यात आजही त्याच अर्थाने राहिला आहे. उलटी अक्षरे कोरण्याचे कसब येथील कारागिरांना होते, याची दुसरी साक्ष पेशवाईच्या उत्तरकाळातील आहे. नाना फडणिसांच्या काळात पुण्यात एका तांबटाने तांब्याच्या पत्र्यावर गीतेची अक्षरे उलटी कोरण्याचे काम हाती घेतले. ते पुढे मिरजेस पूर्ण होऊन १८०५ मध्ये तेथे गीतेची छापील प्रत निघाली. राज्यच बुडाल्याने या उद्योगाला पुढे वाव मिळाला नाही, अन्यथा मराठी मुद्रणाचा आरंभ धातूच्या खिळ्यांऐवजी कोरीव ठशांनी झाला असता.

यूरोपात जर्मन भाषिक प्रदेशात पंधराव्या शतकात लाकडी ठशांवरून छापलेली नववर्षपत्रे प्रचारात होती. त्या काळच्या काष्ठठसा-चित्रांत रंग हातानेच भरीत. आधुनिक शुभेच्छापत्राचा आरंभ ज्या पत्रापासून मानतात, तेही याच जातीचे होते. १८४३ मध्ये लंडन येथे हेन्री कोल यांनी जॉन कॅलकॉट हॉर्स्ली या चित्रकाराकडून नाताळचे पत्र करवून घेतले. त्याच्या सु. एक हजार प्रती शिळाछापावर निघाल्या आणि त्या हाताने रंगविण्यात आल्या. किंमत एक शिलिंग, म्हणजे सामान्य माणसाच्या आवाक्याबाहेरची होती. एक पेनीत पत्र पाठविण्याची सोय १८४० मध्ये झाली होती. या व्यवस्थेच्या बाजूने कोल यांनी हिरिरीने काम केले होते, हे लक्षात घेतले म्हणजे शुभेच्छापत्र हे टपालाचे अपत्य आहे, या विधानाचा अर्थ स्पष्ट होतो. अमेरिकेत वुस्टर येथे एस्थर हौलंड (१८२८–१९०४) या तरुणीने एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला जाळीदार कागद, चित्रे व फिती जोडून प्रेमपत्रे तयार करविण्यास प्रारंभ केला. तिच्याकडील स्त्रिया ओळीने बसत व प्रत्येकीकडे एकच काम असे. म्हणजे ‘हाताने केलेले’ हा शब्द जेवढा जिव्हाळ्याचा वाटतो, तेवढा तो नेहमीच असतो असे नाही. हातानेही कारखाना चालविता येतो. १८७० नंतर बॉस्टन येथील लूई प्रँग यांच्या बहुरंगी शिळाछापाने हाताने रंग भरण्याचा धंदा संपविला. जपानमध्ये मात्र नववर्षाच्या पत्रांवर त्या वर्षाच्या प्राण्याची आकृती घरी कोरलेल्या ठशाने, क्वचित बटाट्याच्या ठशानेही, उमटविण्याची रीत छपाईच्या युगातही टिकून राहिली.

भारतात १ ऑक्टोबर १८५४ पासून सर्व देशभर एकसारखा टपालदर लागू झाला आणि १ जुलै १८७९ रोजी पाव आण्याचे पोस्टकार्ड आले. मुंबईत १८९४ मध्ये गिरगाव येथे सुरू झालेल्या व पुढे लोणावळ्याजवळ मळवली येथे हलविलेल्या राजा रविवर्मा यांच्या छापखान्याने देवदेवतांची रंगीत चित्रे घरोघर पोहोचविली. विसाव्या शतकाच्या प्रारंभी महादेव विश्वनाथ धुरंधर (१८६७–१९४४) यांच्या चित्रांची पोस्टकार्डे निघाली. मुंबईच्या रस्त्यावरील नाना व्यवसायांची व वेशभूषांची माणसे त्यांवर पाहावयास मिळतात. त्यांतील अनेक चित्रे मुळात जलरंगात केलेली असून कार्डाच्या लहानशा चौकटीत पातळ रंग किती बोलका होतो, याचा ती उत्तम नमुना आहेत.

टपालाचा हा विस्तार कोकणाच्या जीवनात ज्या रीतीने उतरला, त्याचा येथे निर्देश करणे अवश्य आहे. महाड व पोलादपूर तालुक्यांतील पुरुष पोटापाण्यासाठी मुंबईच्या गिरण्यांत व गोदीत जात आणि गावी बायकामुले व म्हातारी माणसे राहत. उष्णोदकाच्या झऱ्यांसाठी ख्यात असलेल्या सव या सावित्रीकाठच्या गावासारख्या खेड्यांतून गणपती-गौरी आणि शिमगा हे दोन सण म्हणजे चाकरमान्यांच्या येण्याचे दिवस. ज्याला येता येत नसे, त्याची मनीऑर्डर येई. मनीऑर्डरच्या फॉर्मवर खालच्या बाजूस मजकुरासाठी बोटभर जागा ठेवलेली असे. तिच्यात पैशांचा हिशेब, वडीलधाऱ्यांना नमस्कार, मुलांना आशीर्वाद आणि सणाच्या शुभेच्छा एवढे सारे बसवावे लागे. चित्र नसलेले, पण पैशासह आलेले हे शुभेच्छापत्रच होते. पैसे घेताना मजकुराचा तुकडा फाडून हाती दिला जाई आणि तो पुष्कळ घरी देवाच्या फोटोमागे खोचून ठेवीत.

शहरी मध्यमवर्गात दिवाळीची व संक्रांतीची पत्रे विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात रूढ झाली. संक्रांतीच्या पत्राबरोबर लिफाफ्यात हलव्याचे चार दाणे किंवा कागदाच्या पुडीत चिमूटभर तिळगूळ घालण्याची चाल विशेष लक्षणीय आहे. छापील चित्राने मूळ वस्तूची जागा पूर्णपणे घेतलेली नव्हती, हे तिच्यावरून कळते. कलावंतांच्या वर्तुळात हाताने चितारलेल्या कार्डाला प्रतिष्ठा मिळवून दिली, ती शांतिनिकेतनचे नंदलाल बोस (१८८२–१९६६) यांनी. शिष्यांना व मित्रांना त्यांनी शाई व जलरंगात रेखाटलेली असंख्य पोस्टकार्डे धाडली. खानदेशातील फैजपूर येथे १९३६ मध्ये भरलेल्या काँग्रेस अधिवेशनाची बांबू व अन्य ग्रामीण साहित्यातून केलेली सजावट त्यांचीच. साध्या साधनांत कला असते, ही दृष्टी महाराष्ट्रातील शिक्षकांपर्यंत पोहोचण्यास अशा प्रसंगांचा उपयोग झाला.

हस्तनिर्मित पत्राचा खरा पाया कागद हा होय. महाराष्ट्रात हातकागदाची दोन जुनी केंद्रे प्रसिद्ध आहेत. त्यांपैकी दौलताबादजवळील कागजीपुऱ्याचा उगम परंपरेने मुहंमद तुघलकाने तेथे राजधानी हलविली त्या काळाशी, म्हणजे चौदाव्या शतकाशी जोडला जातो. दुसरे केंद्र जुन्नर. तेथील कागद पेशवाईच्या दप्तरांत मोठ्या प्रमाणावर वापरलेला असून जुन्नरचे कारागीर पुण्यात आणून वसविल्यावर त्यांची वस्ती कागदीपुरा म्हणून ओळखली जाऊ लागली. जुने ताग, दोर, पोती व रद्दी यांचा चुन्याच्या पाण्यात भिजवून कुटलेला लगदा हौदात कालवीत. गवताच्या काड्यांच्या चाळणीवर त्याचा पातळ थर उचलीत, तो भिंतीवर चिकटवून वाळवीत, खळ देत आणि गुळगुळीत दगडाने घोटून काढीत. घोटल्यामुळे बोरू अडखळत नसे व शाई फुटत नसे. यंत्रावरील स्वस्त कागद येताच एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत हा धंदा जवळजवळ बसला.

त्याचे पुनरुज्जीवन स्वदेशीच्या चळवळीतून झाले. डिसेंबर १९३४ मध्ये स्थापन झालेल्या व वर्ध्याच्या मगनवाडीत काम करणाऱ्या अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाने हातकागद हा आपल्या प्रमुख उद्योगांपैकी एक मानला. महात्मा गांधींच्या प्रेरणेने के. बी. जोशी यांनी या विषयाचा शास्त्रीय अभ्यास केला व १९४० मध्ये पुण्यात शिवाजीनगर येथे हातकागद संस्था उभी राहिली. येथे कच्चा माल म्हणून मुख्यतः सुती चिंध्या वापरण्यात येऊ लागल्या. कापसाचा तंतू लांब व चिवट असल्याने तसा कागद भिजला तरी फाटत नाही आणि त्यात आम्ल नसल्याने तो पिवळाही पडत नाही. दप्तरासाठी हातकागद वापरणे सरकारला परवडेना, तेव्हा या कागदाला जी नवी गिऱ्हाइके मिळाली त्यांत लग्नपत्रिका, शुभेच्छापत्रे, लिफाफे व चित्रकारांचा कागद हीच प्रमुख होती. एका अर्थी शुभेच्छापत्राने हातकागद जगविला, असे म्हणण्यास हरकत नाही. लगद्यात झेंडूच्या पाकळ्या, गवताच्या काड्या, पानांच्या शिरा मिसळून केलेले कागद या गरजेतूनच आले. ते दिसतात सुंदर. तथापि जलरंगासाठी ते त्रासदायक असतात, कारण पाकळीचा रंग ओलाव्याने आजूबाजूला उतरतो.

पत्र तयार करण्याच्या कृतीत सर्व कौशल्य पाण्याचा अंदाज घेण्यात आहे. कागद दर चौ. मी.ला २०० ते ३०० ग्रॅ. वजनाचा व खळ दिलेला असावा. पातळ कागद ओला होताच सुरकुततो आणि खळ नसलेला कागद टिपकागदाप्रमाणे रंग शोषून घेतो. घडी घालण्यापूर्वी बोथट सुरीने किंवा सुईच्या बोथट टोकाने रेघ दाबून घेतात. त्यायोगे जाड कागद घडीवर फाटत नाही. ठशांसाठी सागवान, शिसव यांचे ठोकळे, लिनोलियम, खोडरबर किंवा व्हल्कनित रबर वापरतात. लाकूड रेषा टिकविते, पण ते सपाट व पक्क्या पृष्ठभागावर दाबावे लागते. हातकागदाच्या खडबडीत पाठीवर मात्र रबर अधिक सोयीचे पडते, कारण ते खळग्यांत शिरते.

नवशिक्याच्या हातून हटकून होणारी चूक शाईबाबतची असते. कचेरीत शिक्का मारण्याच्या गादीवरील शाई पाण्यात विरघळणाऱ्या रंजकाची असते. तिने उमटविलेल्या कमळावर जलरंगाचा कुंचला फिरला की जांभळे ओघळ येऊन सारे चित्र मळते. म्हणून बाह्यरेषा तेलयुक्त किंवा जलरोधक शाईने उमटवून ती पूर्ण वाळू द्यावी आणि मगच रंग भरावा, हा पहिला नियम होय. दुसरी रीत नेमकी याच दोषाचा फायदा घेते. ठशावर शाईऐवजी कुंचल्याने दोनतीन जलरंग लावतात, त्यावर तोंडाची वाफ सोडून ते पुन्हा ओले करतात आणि लगेच कागदावर दाबतात. पाकळीच्या टोकाकडून देठाकडे रंग आपोआप मिसळत जातो. असा ठसा दोनदा सारखा कधीच उमटत नाही आणि त्याचे आकर्षणही तेच आहे.

जलरंग म्हणजे बारीक कुटलेले रंगद्रव्य व बाभूळवर्गीय झाडाचा डिंक यांचे मिश्रण. लंडनमधील विल्यम रीव्ह्ज यांनी अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात त्याच्या वड्या केल्या. ते रंग पेटीतून नेता येऊ लागल्यामुळे चित्रकला घराबाहेर व हौशी माणसांच्या हाती गेली. महाराष्ट्रात १९३१ मध्ये दांडेकर बंधूंनी स्थापिलेल्या कॅम्लिन या संस्थेच्या रंगपेट्यांनी पुढे हेच कार्य केले. शाळकरी मुलाला परवडेल अशी रंगपेटी नसती, तर या छंदाचा एवढा प्रसार झाला नसता. जलरंगात पांढरा रंग वापरीत नाहीत, कागदाची पांढरी पाठच राखून ठेवतात. सावंतवाडीचे सुपुत्र सावळाराम लक्ष्मण हळदणकर (१८८२–१९६८) यांच्या हातात दिवा घेतलेल्या स्त्रीच्या सुप्रसिद्ध जलरंगचित्रात बोटांतून झिरपणारा उजेड याच तंत्राने साधला आहे. शुभेच्छापत्रावरील पणतीची ज्योतही अशीच राखावी लागते. ज्योतीच्या जागी आधी मेणबत्तीचे मेण घासले, तर भोवती कितीही गडद रंग दिला तरी ती जागा कोरी राहते. मोठ्या चित्रकारांना ही पळवाट वाटेल, पण कार्ड करणाऱ्याला ती वर्ज्य नाही.

कोकणात या कामाला ऋतूचे बंधन पडते. महाड-पोलादपूर भागात वर्षाला ३,००० मिमी.हून अधिक पाऊस पडतो व तो बहुतेक चार महिन्यांतच कोसळतो. त्या काळात रंगाचा एक हात वाळण्यास अर्धा दिवस जातो, कागद नरम पडतो आणि डिंकामुळे बुरशी धरते. दिवाळीची पत्रे नवरात्रानंतर करण्याची सवय सोयीचीच म्हणावी लागेल. उलट रंगद्रव्यांच्या बाबतीत हा प्रदेश संपन्न आहे. खैराचा कात तपकिरी रंग देतो. घाटमाथ्यावरून उतरणारा हिरडा कुटून हिराकसाबरोबर उकळला की पक्की काळी शाई होते. सागाचे कोवळे पान बोटांत चुरडले तर लाल डाग पडतो, हे येथील प्रत्येक मुलास ठाऊक असते. पळसाच्या फुलांचा केशरी, हळदीचा पिवळा, कोकमाचा लाल व गेरूचा तांबूस असे आणखी रंग मिळतात. यांतील सर्वच टिकाऊ नसतात. हळद उन्हात उडते आणि चुन्याचा वा साबणाचा स्पर्श होताच लाल होते. कोकमाचा रंगही खारट-क्षारयुक्त पाण्याने पालटतो. गेरू, काजळी व हिरड्याची शाई मात्र कागदाइतकीच टिकते. ज्याला पत्र वर्षभर तरी राहावे असे वाटते, त्याने पळस-हळदीचा मोह टाळून या तिहींवर भिस्त ठेवावी.

शाळांनी या कलेला सर्वांत मोठा आधार दिला. १९३७ मध्ये वर्धा येथे मांडलेल्या मूलोद्योगी शिक्षणाच्या योजनेत हातकामाला मध्यवर्ती स्थान होते. कोठारी आयोगाने (१९६४–६६) कार्यानुभवाची शिफारस केल्यावर शुभेच्छापत्र तयार करणे हा त्या तासिकेचा आवडता पाठ ठरला. ठसा विकत आणावा लागत नाही, हे त्याचे कारण. भेंडी आडवी कापली की पाच पाकळ्यांचे फूल मिळते. बटाट्याच्या अर्ध्या भागावर चांदणी, पणती, मासा काहीही कोरता येते. कांद्याच्या कापात वर्तुळांची माळ असते. पानाच्या शिरांकडील बाजूस रंग लावून ती कागदावर दाबली तर शिरान्‌शिरा उमटते. दात घासण्याच्या जुन्या ब्रशाने तुषार उडवून पानाची कोरी आकृती राखणे हीही याच वर्गातील कृती आहे. पुढे याच तासिकेत बाजारातील तयार ‘कार्ड संच’ शिरले, तेव्हा भेंडीचे फूल मागे पडले व मूळ हेतूही हरपला.

शुभेच्छापत्राला सामाजिक कार्याशी जोडण्याची कल्पना संयुक्त राष्ट्रांच्या बालनिधीने रूढ केली. महायुद्धानंतर मिळालेल्या मदतीबद्दल झेकोस्लोव्हाकियातील सात वर्षांच्या मुलीने काढलेले चित्र १९४९ मध्ये या संस्थेचे पहिले शुभेच्छापत्र बनले. मुंबईत रिप्पन कपूर यांनी १९७९ मध्ये स्थापिलेल्या ‘क्राय’ या संस्थेने पत्रविक्रीतून मुलांसाठी निधी उभारला. तोंडात वा पायात कुंचला धरून चित्रे काढणाऱ्या कलावंतांची जागतिक संघटना एरिख श्टेगमान या जर्मन चित्रकाराने उभारली व तिची पत्रे भारतातही घरोघर टपालाने येऊ लागली. यांतील चित्र हाताने काढलेले असले, तरी पत्र छापील असते, हा भेद ध्यानात ठेवला पाहिजे.

पत्र स्वतःच हातांनी घडविण्याचे उदाहरण म्हणून वरोऱ्याजवळील आनंदवनाकडे पाहावे लागते. बाबा आमटे (१९१४–२००८) यांनी १९४९ मध्ये स्थापन केलेल्या महारोगी सेवा समितीच्या या वसाहतीत कुष्ठमुक्त व अपंग व्यक्ती ज्या हस्तोद्योगांवर जगतात, त्यांत शुभेच्छापत्रांचा समावेश आहे. दान माणसाला मोडते व श्रम त्याला उभे करतात, ही बाबांची भूमिका होती. शुभेच्छापत्राच्या बाबतीत तिची कसोटी कठीण ठरते. ठसे उमटवून व रंग भरून एक पत्र नीट करावयास अर्धा ते एक तास लागतो. त्या वेळाची रास्त मजुरी धरली, तर छापील पत्राच्या किमतीशी स्पर्धा होऊच शकत नाही. मग गिऱ्हाईक ते घेते, ते एकतर कारागिराच्या कीवेपोटी किंवा त्याच्या कसबापोटी. कीवेने घेतलेले पत्र एकदाच घेतले जाते, हा अशा बहुतेक केंद्रांचा अनुभव सांगता येईल. कागद, कोर, शाई व रेषा यांत दोष न ठेवणे हाच त्यावरचा उपाय आहे आणि तो शिकविण्यास वर्षे लागतात.

परंपरागत चित्रशैलींनाही या छोट्या कागदाने आश्रय दिला. सावंतवाडीचा गंजिफा हा मुळात खेळण्याच्या वाटोळ्या पत्त्यांचा प्रकार. दशावतारी संचात दहा रंगांची प्रत्येकी बारा अशी १२० पाने असतात. कागदाचे थर चिंचोक्याच्या खळीने चिकटवून, वर रंगकाम व लाखेचा लेप देऊन ती केली जातात. खेळ विस्मृतीत गेल्यावर शिवरामराजे भोसले व सत्वशीलादेवी यांनी राजवाड्यात कारागिरांना शिकवून ही कला वाचविली. अशा शैली आज खेळासाठी नव्हे, तर भेटवस्तू व शुभेच्छापत्रे म्हणून विकल्या जातात. वारली चित्रे भास्कर कुलकर्णी यांच्या प्रयत्नांमुळे १९७० नंतर भिंतीवरून कागदावर आली व जिव्या सोमा म्हसे (१९३४–२०१८) यांनी त्यांना जगभर नेले. गेरूच्या जमिनीवर तांदळाच्या पिठाने काढलेली तारप्याभोवतीची फेरी हे त्यानंतर शुभेच्छापत्रावरचे सर्वांत परिचित मराठी चित्र बनले. ज्या धवलेरी स्त्रिया ती लग्नचौकात काढीत, त्यांचा वाटा या प्रसिद्धीत फारच थोडा राहिला.

१९७९ मध्ये दिल्लीत सुरू झालेल्या ‘आर्चीज’सारख्या व्यवसायांनी पुढील दोन दशकांत गावोगावी कार्डांची दुकाने नेली. इंग्रजी मजकुराच्या चकचकीत पत्रांपुढे घरच्या ठशांची मुलांनाच लाज वाटू लागली. हा बहर अल्पकालीन ठरला. ३ डिसेंबर १९९२ रोजी इंग्लंडमध्ये भ्रमणध्वनीवर पाठविला गेलेला पहिला लघुसंदेश नाताळच्या शुभेच्छांचाच होता आणि वीस वर्षांत त्या जातीच्या संदेशांनी छापील पत्राची सद्दी संपविली. ठरावीक वाक्यांना क्रमांक देऊन पाठविली जाणारी शुभेच्छांची तार जुलै २०१३ मध्ये तारसेवेबरोबरच बंद झाली. हाताने केलेल्या पत्राचे या उलथापालथीत तुलनेने कमी नुकसान झाले. ते बाजारावर कधीच फारसे अवलंबून नव्हते आणि ज्याला ते पाठवायचे ती व्यक्ती ठाऊक असल्यावाचून ते करावयास कोणी बसत नाही.

टपालाने ते जाण्याचा मुख्य प्रसंग आता राखीपौर्णिमेचा राहिला आहे. श्रावणातील पावसात भिजू नयेत म्हणून टपाल खाते अलीकडील वर्षांत राख्यांसाठी जलरोधक लिफाफे विकते. राखीबरोबर घरी केलेले पत्र घालावयाचे असल्यास जलरंगाचे चित्र आतल्या घडीवर काढतात, बाहेरच्या बाजूस केवळ तेलयुक्त शाईचा ठसा ठेवतात आणि रंगावर मेणकागदाचा तुकडा घालून मगच लिफाफा बंद करतात.